मार्ग आणि हँडलर : जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टचा एक उपयोग



ब्राउझरमध्ये पत्ता लिहिला की क्षणार्धात पडद्यावर पान उमटते. त्या क्षणात सर्व्हरला एक निर्णय घ्यावा लागतो : आलेल्या मागणीला कोणत्या फंक्शनने उत्तर द्यावे? जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्राउझरसाठी निर्माण झाली. २००९ मध्ये आलेल्या नोड.जेएसमुळे ती सर्व्हरवरही सर्रास वापरात आली. तेथे हा निर्णय एका साध्या ऑब्जेक्टच्या आधारे घेता येतो.

ऑब्जेक्ट म्हणजे की आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संग्रह. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन हेही एक मूल्यच असल्यामुळे मार्ग ही की आणि त्याचे उत्तर देणारे फंक्शन, म्हणजेच हँडलर, हे मूल्य अशी नोंद करता येते. शाळेच्या संकेतस्थळाचे उदाहरण घेऊ. (प्रत्यक्षात पत्त्यातील मार्ग रोमन अक्षरांत लिहितात.)

मार्ग["/"] = मुखपृष्ठ;
मार्ग["/प्रवेश"] = प्रवेशमाहिती;
मार्ग["/निकाल"] = निकालपत्रक;

उजवीकडील नावांपुढे कंस नाहीत, हे ध्यानात घ्यावे. कंस दिल्यास फंक्शन नोंदीच्या वेळीच चालेल आणि ऑब्जेक्टमध्ये फंक्शनऐवजी त्याचा परिणाम साठवला जाईल. मागणी आल्यावर पत्त्यातील प्रश्नचिन्ह व त्यापुढील भाग वेगळा करावा, उरलेला मार्ग की म्हणून वापरावा आणि मिळालेले फंक्शन तेव्हा चालवावे. नवा मार्ग वाढवायचा तर एक ओळ पुरते. अटींची साखळी लांबवावी लागत नाही.

आता नोंद नसलेला मार्ग कोणी मागितला तर? ऑब्जेक्टकडून ‘अनडिफाइन्ड’ मिळते. ते फंक्शन समजून चालवू गेल्यास त्रुटी उद्भवते, आणि ती हाताळलेली नसेल तर संपूर्ण सर्व्हर बंद पडतो. एकाने चुकीचा पत्ता लिहिला आणि सर्वांचा निकाल दिसेनासा झाला, असे घडू नये. म्हणून मिळालेले मूल्य फंक्शन आहे का, हे आधी तपासावे. नसल्यास ४०४ हा क्रमांक पाठवावा.

तथापि एवढी तपासणीही नेहमी पुरत नाही. साध्या ऑब्जेक्टला ‘कन्स्ट्रक्टर’, ‘टूस्ट्रिंग’ अशी काही फंक्शने वारशाने लाभतात. मार्गाच्या आरंभीची तिरकी रेघ कीमध्ये असेपर्यंत त्यांच्याशी गाठ पडत नाही. ती रेघ काढून मार्ग शोधला, तर ‘कन्स्ट्रक्टर’ हा मार्ग मागणाऱ्यासाठी आपण कधीही न नोंदवलेले फंक्शन चालते; उत्तर मात्र जात नाही आणि ब्राउझर ताटकळत राहतो. यावर उपाय दोन : की ऑब्जेक्टची स्वतःचीच आहे याची खात्री करावी, किंवा २०१५ पासून भाषेत असलेला ‘मॅप’ वापरावा. आपण नोंदवले तेवढ्यालाच सर्व्हरने उत्तर द्यावे, हे त्यामागील तत्त्व.

स्वाध्याय : वरील तिन्ही की तिरक्या रेघेविना लिहा, ‘टूस्ट्रिंग’ हा मार्ग मागून पाहा आणि मग तोच प्रयोग ‘मॅप’ वापरून करा. दोन्ही वेळी काय घडले, ते कारणांसह वहीत लिहा.