पाण्याखालची नोकरी

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय 22. कृष्णेत पोहत वाढलो. तारकर्लीला स्कूबा केल्यापासून त्यातच काम करावंसं वाटतंय. जमेल का?

उत्तर : जमेल, पण नदीतलं पोहणं हा नुसता पाया झाला. एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र तारकर्लीतच आहे. ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू हे टप्पे करत डाइव्हमास्टर व्हा. ‘पाडी’ या डाइव्हिंग संस्थेच्या नियमाने त्याला किमान 60 बुड्या लागतात, प्रशिक्षकाला 100.

रोजचं काम मात्र अंगमेहनतीचं. सकाळी जड सिलिंडर बोटीत चढवायचे, परतल्यावर रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुवायचे. मधल्या वेळात, मास्कमध्ये पाणी शिरलं म्हणून घाबरलेल्या पर्यटकाचा हात घट्ट धरून, डोळ्याला डोळा भिडवून त्याचा श्वास संथ करायचा. हे मनापासून आवडत असेल तरच या. पावसाळ्यात मालवणची डाइव्हिंग बंद. त्या महिन्यांच्या मिळकतीची सोय आधीच बघा. सर्दीने कान चोंदले असतील तर बुडी नाही, त्या दिवसाची मजुरी गेली तरी.

आणि कृपा करून, बुडी मारून लगेच घाट चढून घरी निघू नका. सातारा सुमारे 700 मीटर उंचावर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, आणि अंगात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो. दिवसात अनेक बुड्या झाल्या असतील तर 18 तास किनाऱ्यावरच थांबा.