रसिकाची निराशा

तमिळनाडूतील तंजावूर येथे १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी मराठी सत्ता स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. राज्य गेले, तरी मराठी कीर्तनाची आवड तेथे उरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांची कीर्तने तंजावूरकरांनी ऐकली. तेथील कृष्ण भागवतर यांनी ती पद्धत आत्मसात केली; पण निरूपण तमिळमध्ये केले आणि गायनाला कर्नाटक संगीताचे राग दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी साचे मात्र त्यांनी सोडले नाहीत. त्यातूनच दक्षिणेतील ‘हरिकथा’ बहरली. ज्यांचे कान मराठी निरूपणाला सरावले होते, अशा जुन्या श्रोत्यांना हा बदल पहिल्यांदा खटकला असेल, तर त्यात नवल नाही. तरीही ती कला रुजली. कलावंत बदलला की रसिक दुरावतोच असे नाही, एवढे या उदाहरणावरून दिसते. मग तो दुरावतो केव्हा? यासाठी महाराष्ट्रातील एका मोठ्या कलावंताची हकिकत पाहू.

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. त्यांचा जन्म १८८८ चा. लहान वयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ‘मानापमान’मधील भामिनी, ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधील सिंधू या त्यांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांच्यासारखे लुगडे नेसण्याची, त्यांच्यासारखी केशरचना करण्याची हौस घरंदाज स्त्रियांनाही वाटे. प्रयोग रात्री उशिरापर्यंत चाले. एखादे पद रंगले की ‘वन्समोअर’चा गजर होई, बालगंधर्व हसून तेच पद पुन्हा घेत आणि दर वेळी त्यात काही नवी जागा दाखवीत. नाटकाचे कथानक तेवढ्यापुरते थांबे. जाणत्या टीकाकारांनी या प्रथेवर पुष्कळ टीका केली आणि नाट्यदृष्ट्या ती योग्यच होती. परंतु रसिकाला त्याची पर्वा नव्हती. आपण मागावे आणि गंधर्वांनी द्यावे, हा त्याचा हक्कच होऊन बसला होता.

१९३१ मध्ये बोलपट आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ झळकला आणि संगीत नाटकांना ओहोटी लागली. खरे रेशीम, खरे दागिने, नाट्यगृहात दरवळणारे अत्तर अशा थाटामुळे गंधर्व मंडळी आधीच कर्जात रुतली होती. शेवटी बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीशी हातमिळवणी केली. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘धर्मात्मा’ प्रदर्शित झाला. त्यात बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत होते. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. त्यावर सेन्सॉरने हरकत घेतल्याने ते बदलावे लागले. विषय अस्पृश्यतेचा, म्हणजे त्या काळी धाडसाचा. संगीत मास्तर कृष्णराव यांचे. ते गंधर्व मंडळीतीलच मुरलेले कलावंत. उणीव कशाची होती, हे सांगणे कठीण. तरीही चित्रपटाला अपेक्षित यश लाभले नाही.

सर्वांना सुचणारे कारण एकच : ज्यांना आपण रुक्मिणी म्हणून पाहिले, ते पुरुषवेषात कसे पाहवणार? हे कारण खोटे नाही. पण अपुरे आहे. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, त्याच प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला. तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट होते. तो चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. पागनीसांकडे येताना प्रेक्षकांनी मनात कोणतीही मूर्ती ठरवून आणलेली नव्हती. बालगंधर्वांकडे येताना मात्र ती तीस वर्षांची जुनी आणि रोज पूजलेली होती.

आता दुसरा पुरावा पाहू. १९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांनी ‘साध्वी मीराबाई’ काढला. तो ‘अमृतसिद्धी’ या नाटकावरूनच घेतलेला होता आणि बालगंधर्व त्यात पुन्हा स्त्रीवेषात होते. म्हणजे रसिकांची तक्रार तंतोतंत दूर झाली होती. हवा तो वेष होता, हवे ते गाणे होते. तोही चित्रपट पडला.

यावरून असे वाटते की, रसिकाचे दुखणे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नव्हते. पडद्यावरील गंधर्व गात होते, पण ऐकत नव्हते. वन्समोअर दिला, तरी चित्रफीत पुढेच सरकणार. शिवाय पन्नाशीकडे झुकलेला चेहरा कॅमेऱ्याने जवळून दाखवला. नाट्यगृहातील अंतर आणि दिव्यांचा प्रकाश यांनी जे झाकले होते, ते उघडे पडले. ग्रामोफोनच्या तबकड्यांतही पद तीनेक मिनिटांत आटोपे आणि तबकडीही कोणाचे ऐकत नसे. पण तेथे चेहरा नव्हता, आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवणे रसिकाच्या हाती होते. त्यामुळे तबकड्या त्याने प्रेमाने जपल्या.

तंजावूरच्या कृष्ण भागवतरांनी भाषा बदलली, राग बदलले. परंतु समोर बसलेला श्रोता त्यांनी सोडला नाही. त्याची मान डोलली की ओळ पुन्हा घेता येत होती, तो कंटाळला की आख्यान आवरता येत होते. चित्रपटात गेलेल्या बालगंधर्वांचे गाणे बदलले नव्हते. समोरचा माणूस तेवढा तेथे राहिला नव्हता.

प्रभातबरोबरची भागीदारी त्या एका चित्रपटापुरतीच राहिली. बालगंधर्व रंगभूमीवर परतले. आवाजात आणि देहात पूर्वीची टवटवी राहिली नव्हती. १९३८ पासून गोहर कर्नाटकी त्यांच्या मंडळीत नायिकेच्या भूमिका करू लागल्या. ‘धर्मात्मा’ पाहून खट्टू होऊन घरी गेलेल्या रसिकांपैकी कित्येक जण या उतरत्या काळातल्या प्रयोगांनाही तिकीट काढून येत राहिले. गाणे मध्येच थकले, तरी वन्समोअर मिळतच असे.