छायाचित्रामागील नावे

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे गाव लागते. विडी वळून संसार चालविणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेने येथील माळावर १०,००० घरांची वसाहत उभारली. २००६ साली ती पूर्ण झाली. गोदूताई परुळेकर यांचे नाव तिला दिलेले आहे. कष्टकऱ्यांच्या अशा घरांत दागिने थोडे. परंतु पत्र्याच्या पेटीत एक पिशवी मात्र जिवापाड जपलेली असते. घराचे कागद, विडी कामगाराचे ओळखपत्र, शाळेचे दाखले आणि दोन-चार जुनी छायाचित्रे हेच तिच्यातील धन होय.

कागद मात्र नाशवंत असतो. ओल, वाळवी आणि ऊन हे त्याचे तीन वैरी. म्हणून त्याची प्रतिमा संगणकात उतरवून ठेवणे हिताचे असते. हे काम स्कॅनर नावाचे यंत्र करते. त्याच्या काचेखालून एक दिवा सरकत जातो. कागदावरून परतणारा प्रकाश कोठे अधिक व कोठे उणा आहे हे यंत्र बिंदूबिंदूने मोजते, आणि त्या मोजमापांतून चित्र तयार होते. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श या शास्त्रज्ञाने प्रथम संगणकात उतरविलेले छायाचित्रही घरगुतीच होते. ते त्याच्या तान्ह्या मुलाचे होते आणि त्याच्या प्रत्येक बाजूस अवघे १७६ बिंदू होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशाच एका घरी मी बसलो होतो. सातवीत शिकणारी नात भावाने आणलेल्या स्कॅनरवर पेटीतील कागद उतरवीत होती. तिने मऊ कोरड्या फडक्याने काच पुसली. कारण काचेवरील धुळीचा कणही प्रतिमेत डाग होऊन उमटतो. कागदांच्या टाचण्या काढल्या. कागदांसाठी तिने इंचास ३०० बिंदू हे प्रमाण ठरविले आणि छायाचित्रांसाठी ६००. चार इंच रुंद व सहा इंच लांब छायाचित्राचे अशाने ८६,४०,००० बिंदू होतात, हा हिशेब तिने मला तोंडी करून दाखविला.

एक पिवळे पडलेले छायाचित्र तिने कडांना धरून काचेवर पालथे ठेवले. क्षणभरात पडद्यावर तीन तरुण उभे राहिले.

"आजी, बघ, किती स्वच्छ आलंय!"

आजीने डोळे किलकिले करून पाहिले. "आलंय खरं. पण मागचं लिहिलेलं कुठं आहे?"

नात ओशाळली. मागील बाजू तिने पाहिलीच नव्हती. तेथे आजोबांच्या हातच्या तेलुगू अक्षरांत दोन ओळी होत्या. नातीला ती लिपी येत नव्हती. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी त्या वाचून दाखविल्या. त्यांत गिरणीतील सोबत्यांची दोन नावे होती.

"आणि हा तिसरा कोण?" नातीने विचारले.

"तो माझा भाऊ," आजी हळूच म्हणाली. "त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. माझ्यामागं ते कोण सांगणार?"

नातीने छायाचित्राची मागील बाजूही उतरविली. मग तिसऱ्याचे नाव आजीकडून विचारून घेऊन तिने ते वहीत लिहिले आणि त्या प्रतिमेलाही जोडले. सर्व प्रतिमांची आणखी एक प्रत तिने दुसऱ्या ठिकाणी साठविली. मूळ छायाचित्र कोऱ्या कागदात गुंडाळून पुन्हा पेटीत गेले. कारण प्रत कितीही उत्तम असली तरी ती मुळाची जागा घेत नाही.

यंत्र डोळ्यांना दिसते तेवढेच टिपते. मनात साठलेले त्याला टिपता येत नाही. ते विचारावे लागते, आणि सांगणारे माणूस आहे तोवरच विचारावे लागते.

स्वाध्याय
१. छायाचित्राची मागील बाजू उतरविणे का आवश्यक होते?
२. 'प्रत मुळाची जागा घेत नाही' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एका जुन्या छायाचित्रातील माणसांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.