फाईल खरी की खोटी?

मंगरूळपीरच्या किंवा कारंज्याच्या बाजारात एक तरी दुकान असे असते, जेथे झेरॉक्स निघते, फोटो छापतात आणि शिष्यवृत्तीचे अर्जही भरून मिळतात. दिवसभरात कितीतरी लोकांचे पेन ड्राईव्ह तेथल्या एकाच संगणकाला लागतात. तोच पेन ड्राईव्ह मग आपण शाळेच्या संगणकाला लावतो. त्यात एखाद्या दिवशी 'न्यू फोल्डर' नावाचे फोल्डर दिसते. आपण ते तयार केलेले नसते. आत काय आहे हे पाहण्यासाठी हात चटकन माऊसकडे जातो. मुलांनो, तेथेच थांबा.

ते फोल्डर नसून प्रोग्रॅम असू शकतो. प्रत्येक फाईलच्या नावाला शेवटी एक शेपूट असते. चित्राच्या फाईलला 'जेपीजी', साध्या मजकुराला 'टीएक्सटी' आणि चालणाऱ्या प्रोग्रॅमला बहुधा 'ईएक्सई'. विंडोज ही शेपटे सहसा लपवून ठेवते आणि फसवणाऱ्याचे नेमके तेथेच फावते. तो आपल्या प्रोग्रॅमला फोल्डरचे पिवळे चित्र चिकटवतो. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूची युक्ती अशीच होती. ई-मेलसोबत आलेली ती फाईल साधे पत्र वाटे. खरे शेपूट मात्र 'व्हीबीएस' असे होते. म्हणून 'व्ह्यू' या मेनूत जाऊन फाईलचे पूर्ण नाव दिसेल अशी सोय करून घ्यावी. फोल्डरसमोर 'टाईप' या रकान्यात 'ॲप्लिकेशन' असे लिहिलेले असेल, तर ते फोल्डर नव्हे.

दुसरी फसवणूक नावाची. तुम्ही उर्दू लिहिता, त्यामुळे तुम्हाला ती लवकर कळेल. नुक्ता वर असला तर 'खुदा', खाली आला तर 'जुदा'. विंडोजची एक खरी फाईल आहे, तिचे नाव 'एसव्हीसी-होस्ट'. संगणकाची अनेक कामे तीच पार पाडते. काही विषाणूंनी 'एससीव्ही-होस्ट' असे नाव घेतले. फक्त दोन अक्षरांची अदलाबदल! घाईने वाचणाऱ्याला फरक दिसत नाही.

पण समजा, नाव अगदी बरोबर आहे. तरी पत्ता पाहावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात संशयित नावावर उजवे बटण दाबून 'ओपन फाईल लोकेशन' निवडावे. खरी एसव्हीसी-होस्ट सी ड्राईव्हमधील विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या फोल्डरात राहते. त्याच नावाची फाईल पेन ड्राईव्हवर किंवा 'डाऊनलोड्स'मध्ये भेटली, तर ती तोतया समजावी. मात्र टास्क मॅनेजरमध्ये हे नाव अनेकदा दिसले म्हणून घाबरू नये. ती फाईल एकाच वेळी अनेक कामे करते, म्हणून तसे दिसते.

संशय आला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असे नाही. २००२ साली ई-मेलवरून एक निरोप फिरला : तुमच्या संगणकात अस्वलाचे चित्र असलेली एक फाईल आहे, तो विषाणू आहे, ताबडतोब काढून टाका आणि सर्वांना कळवा. लोकांनी शोधले, तर फाईल खरोखरच सापडली! सापडणारच, कारण ती विंडोजबरोबरच आलेली होती, मायक्रोसॉफ्टचीच. फाईल सापडणे हाच लोकांना पुरावा वाटला. त्यांनी ती पुसली आणि तो निरोप पुढच्या दहा जणांना पाठवला. तहकीक कोणीच केली नाही. अशा अफवेसाठी वेगळा विषाणू लागत नाही, घाबरलेली माणसे पुरतात.

मग तपास कोणी करावा? त्यासाठी अँटीव्हायरस नावाचे पहारेकरी प्रोग्रॅम असतात. त्यांतला एक आपल्या महाराष्ट्रात तयार झाला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात यंत्रे दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. १९९० नंतरच्या दशकात त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले.

पहारेकरीही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अमेरिकन कंपनीच्या अँटीव्हायरसने खऱ्या एसव्हीसी-होस्टलाच विषाणू ठरवले. हजारो संगणक बंद पडले. म्हणून फाईल थेट पुसण्यापेक्षा आधी 'क्वारंटाईन'मध्ये ठेवणे बरे. तेथे ती चालू शकत नाही आणि निर्दोष निघाली तर परत आणता येते. हा शब्द इटालियन भाषेतल्या 'चाळीस'वरून आला आहे. साथीच्या काळात व्हेनिसच्या बंदरात जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवत. आपला 'चिल्ला'ही चाळीसच दिवसांचा असतो!

खात्री पटली, की इंटरनेट बंद करावे आणि 'विंडोज सिक्युरिटी' किंवा दुसऱ्या अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी करावी. 'फाईल वापरात आहे' असे सांगून ती हटत नसेल, तर टास्क मॅनेजरमधून तो प्रोग्रॅम आधी बंद करावा. पुढे संगणक पुन्हा सुरू करून दुसऱ्यांदा तपासावे, कारण काही विषाणू संगणक सुरू होताच जागे होण्याची व्यवस्था आधीच करून ठेवतात.

पेन ड्राईव्ह स्वच्छ झाल्यावर पुष्कळदा रिकामा दिसतो. अर्ज गेले, गुणपत्रिका गेल्या, असे समजून काही जण तो फॉरमॅट करतात आणि तेव्हाच सारे खरोखर जाते. विषाणूने फायली बहुधा फक्त लपवलेल्या असतात. 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण करावी. तरीही दिसल्या नाहीत, तर पेन ड्राईव्ह तसाच संगणक शिक्षकांकडे द्यावा.

शब्दार्थ : संशयित – मशकूक, तोतया – नकली, पुरावा – सबूत, निर्दोष – बेकसूर, पहारेकरी – चौकीदार.

स्वाध्याय
१. अस्वलाच्या चित्राची फाईल लोकांनी का पुसली?
२. नुक्ता बदलल्याने अर्थ बदलतो, असे तीन उर्दू शब्द सांगा व त्यांचे मराठी अर्थ लिहा.
३. तुमच्या शाळेतील संगणकावर एसव्हीसी-होस्टचा पत्ता शोधा व वहीत लिहा.