या महिन्याचा पाठ : लेकराच्या पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर

ताईंनो, हा पाठ गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

अपेंडिक्सचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेलं लेकरू बरं होऊन शाळेत जायला लागलं, की आपण ते ऑपरेशन विसरून जातो. पण पोटातली जखम भरताना आतड्यांच्या वेटोळ्यांमध्ये दोऱ्यासारखे चिकट पट्टे तयार होऊ शकतात. बहुतेक लेकरांना त्याचा त्रास होत नाही. काहींचं आतडं मात्र त्या पट्ट्यात अडकतं. ठिबकची नळी मुडपली की पुढे पाणी जात नाही, तसंच अन्न, पाणी, हवा तिथेच तुंबते. पहिल्या दोन वर्षांत ही शक्यता जास्त असते, पण अनेक वर्षांनीही असं होऊ शकतं.

ओळखायचं कसं?
• हिरवी उलटी
• पोट फुगणं, थांबून थांबून कळ येणं
• संडास आणि वायू बंद होणं

तान्हं बाळ सांगू शकत नाही. ते रडत राहतं, दूध घेत नाही. सुरुवातीला थोडी संडास झाली, तरी निर्धास्त राहू नका.

काय करू नये?
अपचन समजून एरंडेल, जुलाबाची गोळी किंवा काढा देऊ नका. पोट चोळू नका. मेळघाटात पोट फुगलं की तापलेल्या विळ्याचे चटके देतात. चटक्याने अडकलेलं आतडं सुटत नाही; लेकरू भाजतं आणि वेळ जातो. आतड्याचा रक्तपुरवठा थांबला, तर काही तासांत आतडं सडायला लागतं.

काय करावं?
१. तोंडाने काहीच देऊ नका, पाणीसुद्धा नाही.
२. १०८ ला फोन करा. गाडी मोफत आहे. आशाताईला कळवा.
३. अकोल्याचं सर्वोपचार, अमरावतीचं इर्विन, किंवा सर्जन असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.
४. डॉक्टरांना आधी हेच सांगा : "याच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे." जुनं डिस्चार्ज कार्ड दाखवा.

"पुन्हा पोट फाडतील" या भीतीने घरी थांबू नका. नाकातून नळी आणि सलाईन लावून कित्येक लेकरांचं आतडं मोकळं होतं. नाहीच झालं, तर ऑपरेशन लागतं. तेही वेळेत झालेलं बरं.

बैठकीत ठरवा : आपल्या गटात अशी लेकरं कोणाकडे आहेत? त्यांचं डिस्चार्ज कार्ड कुठे ठेवलं आहे? रात्री-बेरात्री गरज पडली, तर गटातून तातडीचं कर्ज कोण काढून देईल? उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा.