शमशोनाचे कोडे आणि आपली प्रश्नमंजुषा

आजचे वाचन : शास्ते १४:१०-२०
सोबत वाचा : १ राजे १०:१-१०, २ तीमथ्य २:५



शमशोन म्हटलं की आपल्याला सिंह आठवतो, दलीला आठवते आणि शेवटी पाडलेले ते खांब आठवतात. मधला लग्नाचा आठवडा आपण भरभर वाचून पुढे जातो. आज तिथेच थोडं थांबू या, कारण हा एका खेळाचा अध्याय आहे. सुट्टीतली शास्त्रशाळा असो, तरुण संघाची बैठक असो की नाताळात घरी जमलेली भावंडं, आपल्याकडे पवित्र शास्त्रावरची प्रश्नमंजुषा होतेच. त्यामुळे हा अध्याय आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

घटना थोडक्यात अशी. तिम्ना इथे शमशोनाचं लग्न. सात दिवसांची मेजवानी आणि सोबतीला तीस पलिष्टी तरुण. शमशोन त्यांना कोडं घालतो. मुदत सात दिवस. सुटलं तर तो त्यांना तीस तागाची वस्त्रं आणि तीस पोशाख देणार, नाही सुटलं तर तेवढंच त्यांनी त्याला द्यायचं. तीन दिवस उलटले तरी कुणालाच उत्तर येत नाही. मग ते तरुण नवरीला धमकी देतात: नवऱ्याकडून उत्तर काढ, नाहीतर तुला आणि तुझ्या बापाच्या घराला जाळून टाकू. ती रडून रडून उत्तर मिळवते आणि सातव्या दिवशी सूर्य मावळण्याआधी ते उत्तर घेऊन हजर होतात. शमशोन अष्कलोनास जातो, तीस माणसं मारतो, त्यांचेच कपडे आणून पैज फेडतो आणि रागाने आपल्या बापाच्या घरी निघून जातो. त्याची बायको त्याच्या सोबत्याला दिली जाते.

सुरुवात होती एका कोड्याची. शेवटी मुडदे पडले आणि संसार मोडला. असं का झालं? मला या अध्यायात चार गोष्टी दिसतात.

१. प्रश्न विचारणाऱ्यानेही न्यायाने खेळायचं असतं

आपण लगेच पलिष्ट्यांना दोष देतो. पण कोडं नीट पाहा. मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांचं पोळं होतं, ही गोष्ट एकट्या शमशोनाला ठाऊक होती. त्याने ती आईबापांनाही सांगितली नव्हती. म्हणजे कितीही हुशार माणूस असला तरी नुसत्या बुद्धीने तो उत्तरापर्यंत पोचणं जवळजवळ अशक्यच. हा समोरच्याला हरवण्यासाठी लावलेला सापळा होता.

आपल्या प्रश्नमंजुषेतही हे होतं. वंशावळीतलं कुठलं तरी नाव उचलून विचारायचं आणि कुणालाच आलं नाही की खूश व्हायचं. प्रश्न असा हवा की उत्तर सांगितल्यावर समोरचा म्हणेल, "अरे, हे तर मी वाचलं होतं!" त्याला घरी जाऊन तो अध्याय पुन्हा उघडावासा वाटला पाहिजे.

आणखी एक. आपल्या हातातल्या कागदावरचं उत्तर म्हणजे वचन नव्हे. "नोहाने प्रत्येक जातीचे किती प्राणी तारवात घेतले?" कागदावर लिहिलेलं असतं, दोन. एखादी मावशी हळूच म्हणते, "शुद्ध पशू सात-सात होते ना?" उत्पत्ती ६:१९ मध्ये दोन आहेत, पण ७:२ मध्ये शुद्ध पशूंसाठी सात-सात सांगितलं आहे. मावशीने जास्त काळजीपूर्वक वाचलंय. मागी लोक किती होते, या प्रश्नाला "तीन" असं ठोकून देणाराही कागदावर बरोबर ठरतो. मत्तय २ मध्ये देणग्या तीन आहेत, माणसांची संख्या दिलेलीच नाही. अशा वेळी शास्त्र उघडायचं, सगळ्यांसमोर वाचायचं आणि गरज पडली तर गुण बदलायचे. यात प्रश्न विचारणाऱ्याची शोभा जात नाही.

२. उत्तर कुठून आणलं, हे देवासमोर महत्त्वाचं आहे

त्या तीस जणांचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. तरीही ते त्यांचं नव्हतं.

पौल तीमथ्याला मल्लाचं उदाहरण देतो आणि सांगतो की नियमाप्रमाणे लढल्याशिवाय मुगूट मिळत नाही. त्या काळच्या वाचकांना हे चांगलं समजत होतं. ग्रीसमध्ये ऑलिंपिया इथे खेळाडूंना स्पर्धेआधी शपथ घ्यावी लागे. मैदानात शिरण्याच्या वाटेवर झ्यूसचे ब्राँझचे पुतळे रांगेने उभे होते आणि ते नियम मोडणाऱ्यांच्या दंडाच्या पैशातून उभारलेले होते. त्यातले पहिले सहा इ. स. पू. ३८८ मधले. युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले होते, त्याचा तो दंड. मैदानात जाणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या पुतळ्यांसमोरून जावं लागे.

आपल्याकडे पुतळे नाहीत, पण खिशात फोन आहे. दोन सेकंदांत कुठलंही वचन समोर येतं. मदत घेणं हेच पाप आहे असं मी म्हणत नाही. "कौन बनेगा करोडपती"मध्येही लाइफलाइन असते. पण ती सगळ्यांना ठाऊक असते, सगळ्यांना सारखी मिळते आणि उघडपणे घेतली जाते. टेबलाखाली फोन धरून शोधलेल्या उत्तराला यातलं काहीच लागू होत नाही. लूक १६:१० मध्ये प्रभूने थोडक्यातल्या विश्वासूपणाबद्दल सांगितलं आहे. चॉकलेटच्या बक्षिसाची प्रश्नमंजुषा याहून थोडकं ते काय असणार?

आणि तोटा आपलाच होतो. शोधून टाइप केलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत विसरतं. आठवत आठवत, चुकत, शेजाऱ्याला हसवत सापडलेलं वचन मात्र मनात राहतं. खेळ मांडला होता तो ह्यासाठीच ना?

३. मधल्या माणसाला चिरडू नका

या अध्यायात मला सर्वांत जास्त वाईट त्या नवरीचं वाटतं. शास्त्रात तिचं नावसुद्धा नाही. खेळ तिचा नव्हता, पैज तिची नव्हती. पण एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला गावची पोरं, अशी ती मध्ये सापडली. तिने भीतीपोटी उत्तर दिलं. पुढे शास्ते १५:६ वाचा. ज्या जाळण्याच्या धमकीला ती घाबरली होती, तेच शेवटी तिच्या आणि तिच्या बापाच्या वाट्याला आलं.

मला हे वाचताना आमच्या मंडळीतला एक बारा वर्षांचा मुलगा आठवतो. मागच्या वर्षी प्रश्न काढायचं काम त्याच्या आईकडे होतं. बरोबरीची पोरं आठवडाभर त्याच्या मागे लागली होती, "सांग ना, आईने कुठल्या अध्यायातून काढलंय?" स्पर्धेच्या दिवशी तो आईला म्हणाला, "मम्मी, मी खेळत नाही, मी गुण लिहितो." आणि त्याने खरंच शेवटपर्यंत फळ्यावर गुण लिहिले. बक्षीस त्याला मिळालं नाही, पण त्या दिवशी सगळ्यांत न्यायाने तोच वागला. मोठ्या माणसांनी यातून शिकायचं ते इतकंच की प्रश्न काढणाऱ्याच्या घरच्यांना कोंडीत पकडू नये. गमतीने सुद्धा नाही.

मधला माणूस आणखी एका रूपात भेटतो. माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून हे पटकन लक्षात येतं. मोबाइलवरच्या बऱ्याच क्विझमध्ये जो लवकर बटण दाबतो त्याला जास्त गुण मिळतात. मग गावाकडे रेंज नसलेली काकू आणि चष्मा शोधणारे आजोबा उत्तर येत असूनही मागे पडतात. तिथे ज्ञानाची नाही, नेटवर्कची परीक्षा होते. वेळेचे गुण बंद करता येत असतील तर करा. नाहीतर सरळ कागद-पेन घ्या. नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे असं सांगितलंय. गुण मोजायची पद्धत ही देखील एक तागडीच आहे.

४. पैज जितकी मोठी तितका खेळ लहान

एकूण साठ कपडे! त्या काळी कपडा हाताने विणायचा, म्हणजे ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. आपल्याला लुटायला बोलावलं होतं की काय, असं ते तरुण नवरीला विचारतात. पैज इतकी जड झाली की मेजवानीचा आनंदच उरला नाही. आणि हरलेल्या शमशोनाने दुसऱ्यांच्या अंगावरून काढून ती फेडली.

आता याच्या शेजारी १ राजे १० ठेवा. शबाची राणी शलमोनाची पारख करायला कठीण प्रश्न घेऊन आली. हाही प्रश्नोत्तरांचाच सामना म्हणा ना. तिला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिने काय केलं? तोंड वाकडं केलं नाही, "हे तुला आधीच कुणीतरी सांगितलं असणार" असं म्हणाली नाही. ऐकलं होतं त्याहून जास्त पाहिलं, असं तिने मोकळ्या मनाने कबूल केलं, शलमोनाच्या देवाला धन्य म्हटलं आणि वर एकशेवीस किक्कार सोनं भेट दिलं. समोरच्याच्या ज्ञानात तिला देवाची देणगी दिसली. म्हणून ती आनंदाने परत गेली. शमशोन मात्र पेटलेल्या रागाने परत गेला.

प्रियांनो, पुढच्या वेळी प्रश्नमंजुषा खेळाल तेव्हा एवढं करून पाहा :

- सुरुवातीलाच सांगा : कुठली पुस्तकं, कुठलं भाषांतर, किती वेळ, मदत चालेल की नाही.
- फोन एका टोपलीत. प्रश्न विचारणाऱ्याचासुद्धा.
- शंका आली तर शास्त्र उघडा, आवाज चढवू नका.
- चुकीच्या उत्तरावर हसू नका. पहिल्यांदा हात वर करणारं मूल पुन्हा वर करेल की नाही, हे त्या क्षणावर ठरतं.
- आपल्याला चुकून जास्त गुण मिळाले तर आपणच सांगा.
- जिंकलेल्याला आधी शाबासकी द्या, मग चहा घ्या.

आज स्वतःला विचारा : मी जिंकलो तेव्हा माझ्याबरोबर खेळणाऱ्यांना आनंद झाला का? आणि मी हरलो तेव्हा माझ्या घरी त्याचा त्रास कुणाला झाला?

प्रार्थना : हे प्रभू, तुझं वचन आम्हाला एकमेकांवर वर्चस्व गाजवायला दिलेलं नाही. आमच्या खेळातही तू बसलेला आहेस, हे आम्हाला आठवू दे. कुणी बघत नसताना आमचे हात स्वच्छ ठेव. मध्ये सापडलेल्या दुबळ्या माणसाकडे आमचं लक्ष वळव. आणि हरताना शबाच्या राणीसारखं मोठं मन आम्हाला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.