वांग, ऊन आणि टिकणारं व्हिटॅमिन सी

1. वांग चोळून जात नाहीत. बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर ते उठले आणि भातकापणीच्या उन्हात गडद झाले. "अगं, लिंबू चोळ," सासूबाई म्हणाल्या. आमच्या कोळवण भागात घरोघरी हाच सल्ला मिळतो, आणि तो मायेपोटीच असतो. पण लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं, तर ती भाजून आणखी काळी पडू शकते. लिंबू वरणभातावरच पिळावं.

2. वांगांवर व्हिटॅमिन सी लावतात, पण त्यातलं जे सर्वांत प्रभावी, ते प्रत्येकीला सोसेलच असं नाही. शुद्ध व्हिटॅमिन सी म्हणजे एल-अस्कॉर्बिक ॲसिड. ते त्वचेत मुरायला पीएच 3.5 च्या खाली लागतो आणि 20 टक्क्यांपुढे प्रमाण वाढवून उपयोग नाही, हे अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी 2001 साली मांडलं. रानातून आलेल्या, घामेजलेल्या गालांवर इतकं आम्ल चरचरतं. सोसायची ताकद आणि गुण येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा उमगलं.

3. बाटली घेताना आपलं घर आठवावं. शुद्ध सी हवा, उजेड आणि उष्णतेनं बिघडतं. आधी पिवळसर होतं, मग तपकिरी, आणि तपकिरी झालं की त्यात फारसा दम उरत नाही. आमच्याकडे वैशाखात दुपारी पत्रे असे तापतात की फळीवरचं खोबरेल तेल हाताला कोमट लागतं. तिथे नाजूक सीरम किती दिवस टिकणार?

4. सीच्या सौम्य, टिकाऊ रूपांची नावं लांबलचक, पण रीत सोपी. सोडियम किंवा मॅग्नेशियम अस्कॉर्बिल फॉस्फेट, अस्कॉर्बिल ग्लुकोसाइड ही नावं डबीमागच्या बारीक अक्षरांत सापडतात. सीचा रेणू जिथून बिघडायला लागतो, तिथेच फॉस्फेट किंवा ग्लुकोज जोडून तो झाकलेला असतो. त्वचेतली विकरं तो जोड सोडवतात आणि सी मोकळं होतं. फॉस्फेटवाली रूपं साधारण 7 पीएचला टिकतात, म्हणून आग होत नाही.

5. सौम्य उपायाकडून सौम्यच अपेक्षा ठेवावी. पिनेल यांच्या 2001 च्या त्याच अभ्यासात मॅग्नेशियमच्या रूपाने त्वचेतलं सी वाढलं नव्हतं. उलट 1996 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात त्याच रूपाचं 10 टक्के क्रीम लावून वांग किंवा वयाचे डाग असलेल्या 34 पैकी 19 जणांचे डाग लक्षणीय फिके झाले. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की आशा राहते, हाव राहत नाही.

6. आठवड्यात उजळवणाऱ्या मलमाची मला भीती वाटते. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. आधी चेहरा खुलतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, आणि मलम सोडलं की सगळं उसळतं. 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी लग्नसराईत ती एकीच्या हातून दुसरीच्या हाती जातात. पोरींनो, ट्यूबवरचं नाव वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका.

7. सी हे सनस्क्रीन नव्हे. सकाळी सीचं क्रीम लावून उघड्या चेहऱ्याने खाचरात उतरलं, तर वांग हटत नाहीत. त्यावर सनस्क्रीन, डोक्याला रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर पुढे ओढलेला पदर, हे सगळं मिळून काम होतं.

माझे वांग फिके झालेत, गेले नाहीत. तुमच्या घरात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी सनस्क्रीन घ्या. सी त्यानंतर, आणि घ्याल तेव्हा टिकणारं घ्या.